पेवातली ज्वारी आणि पावसातली ज्वारी



अक्षय तृतीयेला जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला घटमांडणी होते, हे बुलडाणा जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. संध्याकाळी शेतात घट मांडतात, भोवती अठरा धान्यं गोलाकार ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कोणते दाणे जागचे हलले ते पाहून येत्या सालाचं पीकपाणी सांगतात. ते ऐकायला लांबलांबून शेतकरी येतात. त्यावर विश्वास ठेवावा की न ठेवावा, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मला मात्र तिथं एक गोष्ट जाणवते. पीक किती येईल हे विचारायला आपण रात्रीचा प्रवास करून जातो. आलेलं पीक घरात नीट कसं टिकेल, हे विचारायला आपण कोणाकडेच जात नाही. ते घरातल्या म्हातारीला ठाऊक असायचं. ती गेली, आणि पुष्कळ घरांतून ती विद्याही गेली.

आज त्या विद्येचा इतिहास सांगायचा आहे. धान्य टिकवण्याच्या आपल्या जुन्या रीती कोणत्या, त्या कशामुळे यशस्वी व्हायच्या, आणि पुढे कोणत्या ठिकाणी कमी पडल्या, हे पाहू. यात एका शत्रूचं नाव वारंवार येईल. तो शत्रू म्हणजे बुरशी. उंदीर दिसतो, सोंडे दिसतात, टोके दिसतात. बुरशीही दिसते, पण तिनं दाण्यात सोडलेलं विष दिसत नाही, आणि खरा धोका त्याचाच.

सुरुवात पेवापासून करू. आपला जिल्हा दोन मजल्यांचा आहे. वर घाटावर बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा. खाली पूर्णेच्या खोऱ्यात मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव, जळगाव, संग्रामपूर. दोन्हीकडे मुख्य अन्न ज्वारी. ती साठवायची तर मोठ्या शेतकऱ्याकडे जमिनीत खणलेलं पेव असायचं. आता पेव खणायचं कुठं? आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोन भाग मानतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतं, पांढरी म्हणजे गावठाण. पेव पांढरीत खणायचं, काळीत नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पाणी धरून ठेवते. पूर्णेकाठच्या खारपाण पट्ट्यात तर पाण्याचा निचराच धड होत नाही. पांढरीची माती घट्ट, उंचवट्यावरची आणि कोरडी. भूगर्भशास्त्राचं पुस्तक न वाचता लोकांनी ही निवड केली होती.

पेवाचा आकार घागरीसारखा, तोंड अरुंद आणि पोट मोठं. खणून झालं की आत काट्याकुट्या पेटवून भिंती भाजून कोरड्या करायच्या. तळाला आणि कडेला कडबा, तुराट्या, भुसा यांचा जाड थर लावायचा, म्हणजे मातीची ओल दाण्याला भिडत नाही. मग वाळलेली ज्वारी ओतायची, वर पुन्हा भुसा, त्यावर दगडी झाकण, आणि सगळं मातीनं लिंपून हवाबंद करायचं.

या हवाबंदीतच पेवाचं मर्म आहे. दाणा जिवंत असतो, तो श्वास घेतो. किडाही श्वास घेतो. बंद पेवातला प्राणवायू काही दिवसांत संपत येतो आणि कर्बवायू साचतो. मग किडे गुदमरतात, आणि हवेवाचून बहुतेक बुरशीही वाढत नाही. म्हणून नुकतं उघडलेलं पेव माणसाच्या जिवावर बेतायचं. आधी दोरीनं दिवा आत सोडायचा. दिवा विझला तर माणूस उतरवायचा नाही, अशी रीत होती. ती त्या काळची खबरदारी झाली. आजही हौद, विहीर किंवा कोठार खोल आणि कोंडलेलं असेल, तर नुसत्या कंदिलाच्या भरवशावर आत उतरू नये.

पेव ही काही एकट्या वऱ्हाडची चीज नव्हे. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं प्रसिद्ध होती. तिथली माती अशी घट्ट, की त्यात हळद वर्षानुवर्षं राहायची. पण २००५ सालच्या कृष्णेच्या महापुरात पेवांत पाणी शिरलं आणि मोठी हानी झाली. पेव कितीही चांगलं असलं, तरी आत ओल गेली की सगळं संपलं. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढं तिचं काम पडणार आहे.

ज्याच्याकडे पेव नव्हतं, त्याच्या घरात कणगी असायची. बांबूच्या किंवा तुराट्यांच्या कामट्या विणून, आतून-बाहेरून शेणमातीनं सारवलेली, खाली दगडांवर उचलून ठेवलेली. कुठं भिंतीच्या पोटात बळद असायचं. डाळी, कडधान्यं आणि बियाणं मडक्यांच्या उतरंडीत. या कामाची सगळी सूत्रं घरच्या बायांच्या हातात. बियाण्याची कणसं चुलीच्या वर धुराला टांगायची. मूग-उडदात चाळलेली राख मिसळायची. तुरीच्या डाळीला तेलाचं बोट लावायचं. कणगीत थराथराला कडूनिंबाचा वाळलेला पाला घालायचा. आणि या सगळ्याच्या आधी चैत्र-वैशाखाच्या उन्हात धान्य वाळत घालायचं, एकदा नाही, दोनदा-तीनदा.

यातली कोणती युक्ती कशावर चालते, हे नीट समजून घेतलं पाहिजे, कारण इथंच आपली गफलत होते. राख किड्याच्या अंगावरचं मेणासारखं आवरण खरवडते, त्यामुळे तो वाळून मरतो. तेलामुळे किड्याच्या अंड्यांचा श्वास कोंडतो. कडूनिंबाचा कडूपणा किड्याला नकोसा होतो. म्हणजे या तिन्ही युक्त्या मुख्यतः किड्याविरुद्ध आहेत. बुरशीशी त्यांचा संबंध आहे, पण तो वळसा घेऊन. किडा दाण्याला भोक पाडतो, त्या भोकातून बुरशी आत शिरते. किड्यांच्या श्वासानं ढिगात ऊब आणि ओल वाढते, आणि ती बुरशीला मानवते. म्हणून किडा आवरला की बुरशीचाही एक दरवाजा बंद होतो. कडूनिंबाच्या पानांच्या अर्कानं बुरशीच्या विषाला आळा बसतो, असं प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. पण प्रयोगशाळेतला अर्क वेगळा आणि कणगीतला मूठभर पाला वेगळा. ओल्या धान्यात पाला घालून विष टळेल, असं कोणी समजू नये.

बुरशीवर खरा इलाज एकच होता, आणि तो होता ऊन. ज्वारी, गहू, मका यांत शंभर भागांत बारा-तेरा भागांहून अधिक पाणी नसेल, तर साठवणीतली बुरशी वाढत नाही. शेंगदाण्याला तेवढंही पाणी सोसत नाही. तो सात-आठ भागांवर आणावा लागतो. म्हातारीला हे आकडे ठाऊक नव्हते. ती दाणा दाताखाली धरायची. कट्कन मोडला तर ठेवायचा. दबला, चेपला, तर पुन्हा उन्हात. शिवाय ती सूप घेऊन बसायची आणि काळे, पोचट, फुटके, किडके दाणे वेगळे काढायची. आजचं शास्त्र सांगतं, की मक्यात आणि शेंगदाण्यात विषाचा मोठा वाटा थोड्याशा खराब दाण्यांतच साठलेला असतो. तेवढे वेचून काढले तर बाकीच्या राशीतलं विष पुष्कळ उतरतं. धान्य निवडणं हे वेळ घालवण्याचं काम नव्हतं. घरातल्या माणसांच्या जिवाची ती राखण होती.

आता एक प्रश्न. या सगळ्या रीती इतक्या चांगल्या होत्या, तर त्या पुरल्या का नाहीत?

याचं उत्तर दाण्यात नाही, कॅलेंडरात आहे. आपली जुनी गावरान खरिपाची ज्वारी उंच वाढायची आणि उशिरा यायची. दिवस लहान होऊ लागले की ती निसवायची. तोवर पाऊस सरत आलेला असायचा, आणि दाणा भरायचा तो स्वच्छ उन्हात. कापणी दिवाळीनंतर. कणसं खळ्यावर यायची तीच कोरडी. म्हणजे पेव, कणगी, राख, पाला यांचं काम सुरू होण्याआधीच बुरशीविरुद्धची अर्धी लढाई त्या वाणानं शेतात जिंकलेली असायची. हे श्रेय आपण पेवाला दिलं, पाल्याला दिलं. उशिरा येणाऱ्या कणसाला द्यायचं राहून गेलं.

दुसरी एक गोष्ट आपण सोयीनं विसरतो. पेवात सगळी ज्वारी चांगली राहायची, असं नाही. मधली ज्वारी चांगली. कडेची आणि तोंडाशी असलेली कितीही काळजी घेतली तरी थोडीफार ओल धरायची, आंबूस वासाची, बुरसटलेली निघायची. ती कोणाच्या वाट्याला जायची? मालकाच्या ताटात तर नाही. सालदाराचं साल, मजुराची मजुरी ज्वारीत मोजायचे दिवस होते ते. ज्याला मोजून मिळतं, त्यानं दाण्याचा वास घेऊन तक्रार करायची नसते. वाईट साली तर ती ज्वारीसुद्धा दुर्मीळ व्हायची. १८६७ पर्यंत मलकापूर-शेगावावरून जाणारी आगगाडी नागपूरला पोचली, १८७० साली जलंबहून खामगावला फाटा आला, कापसाला मोल आलं. कापसामागून धान्यही दूरच्या बाजारात जाऊ लागलं, आणि गावची शिल्लक पातळ झाली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत वऱ्हाडानं त्याचं फळ भोगलं. भुकेला माणूस दाणा निवडत बसत नाही. पेवाचा गौरव करताना, त्याच्या कडेची ज्वारी खाणाऱ्यांचीही आठवण ठेवू या.

आता १९६० नंतरच्या काळात येऊ. या काळात दोन घटना जवळजवळ एकाच वेळी घडल्या, एक परदेशात आणि एक आपल्याकडे.

परदेशातली घटना १९६० सालची. इंग्लंडमध्ये काही महिन्यांत एक लाखाहून अधिक टर्की कोंबड्यांची पिल्लं मेली. रोग कोणता ते कळेना. शेवटी माग लागला तो खाद्यात घातलेल्या भुईमुगाच्या पेंडीचा. ती पेंड ब्राझीलहून आली होती आणि तीत एका हिरवट-पिवळ्या बुरशीचं विष होतं. बुरशीचं शास्त्रीय नाव ॲस्परजिलस फ्लेवस. त्यावरून विषाला अफ्लाटॉक्सिन हे नाव पडलं. हे विष यकृतावर घाला घालतं. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ते माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. आणि भाकरी भाजून किंवा डाळ शिजवून ते जात नाही; घरच्या चुलीची आच त्याला पुरत नाही.

आपल्याकडची घटना १९६४ सालची. त्या वर्षी सीएसएच-१ ही भारतातली पहिली संकरित ज्वारी प्रसारित झाली. खेड्यात तिचं नाव एकच, हायब्रीड. देशात धान्याची टंचाई होती, परदेशातून गहू येत होता. अशा वेळी बुटकी, भरघोस, शंभरेक दिवसांत हाती येणारी ज्वारी मिळाली, हा मोठाच आधार झाला. हायब्रीडनं पोटं भरली, हे कबूल केलंच पाहिजे. पण शंभर दिवसांत हाती येणारी म्हणजे केव्हा? मृगात पेरली तर ती सप्टेंबरात, पाऊस चालू असतानाच पिकायची. कणसावर पाणी, आत दुधाळ-चिकाळ दाणा, वर ढगाळ हवा. दाणे काळे-गुलाबी पडले. शेतकऱ्याच्या तोंडी काळी ज्वारी हा शब्द आला, आणि बाजारात तिला भाव मिळेना.

या काळेपणात बऱ्याच जातींच्या बुरश्या असतात. काळा पडलेला प्रत्येक दाणा विषारी असतो असं नाही, आणि ज्वारीत अफ्लाटॉक्सिन मक्या-शेंगदाण्याइतकं होत नाही. पण कोणता दाणा निर्धोक आणि कोणता घातकी, हे डोळ्यांनी ठरवता येत नाही. नव्या वाणानं दाणा वाढवला, आणि त्याबरोबर जुन्या वाणाची उन्हात पिकण्याची सवय नाहीशी केली. आता कणगीत पोचणारं धान्य आधीच भिजलेलं आणि बुरसटलेलं. त्यात कितीही पाला घाला, उपयोग काय? म्हातारीच्या रीती चुकल्या नव्हत्या. त्या ज्या कोरड्या दाण्यासाठी होत्या, तो दाणाच राहिला नव्हता. पुढं संशोधकांनी बुरशीला तग धरणारी वाणं शोधण्याचं काम हाती घेतलं. अकोल्याचं कृषी विद्यापीठ १९६९ साली निघालं, तिथंही ज्वारीवर हे काम झालं.

श्रोतेहो, बुरशीचं विष काय करू शकतं, याचा आपल्या देशातला सर्वांत दुःखद दाखला १९७४ सालचा आहे. गुजरातमधला पंचमहाल आणि राजस्थानातला बांसवाडा हे तेव्हा शेजारशेजारचे जिल्हे. तिथल्या आदिवासींचं अन्न म्हणजे मका. आधी दुष्काळ पडला होता. मग नेमका कापणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस आला. मका भिजला, आणि साठवायला धड जागा नव्हती. दीडशेहून अधिक गावांत काविळीची साथ पसरली. डोळे पिवळे, पोटात पाणी. ३९७ माणसं आजारी पडली, त्यांतली १०६ दगावली. त्याच घरांतलं उष्टं खाणारी कुत्रीही तशाच रोगानं मेली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी तपास केला, तेव्हा मक्यात अफ्लाटॉक्सिन सापडलं. आजारी माणसांच्या पोटात रोज दोन ते सहा मिलिग्रॅम विष जात असावं, असा त्यांचा अंदाज होता. म्हणजे वजनानं मोहरीचे एक ते तीन दाणे. तेवढंच, पण रोज, कित्येक आठवडे.

मका बुरसटलेला आहे हे त्या माणसांना दिसत नव्हतं का? दिसत असणार. पण घरात दुसरं काहीच नव्हतं. पेवाच्या कडेची ज्वारी आणि बांसवाड्याचा मका, यांची गोष्ट एकच आहे. खराब धान्य नेहमी उतरणीला लागतं, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या ताटात जाऊन थांबतं.

ज्वारीही सुटलेली नाही. १९९५ साली दख्खनच्या पठारावरच्या काही गावांत पोटदुखी, पोटात गुरगुर आणि जुलाब यांचा उपद्रव झाला. तपासात आढळलं, की लोकांनी पावसात भिजलेल्या ज्वारीच्या आणि मक्याच्या भाकरी खाल्ल्या होत्या, आणि त्या धान्यात फ्युमोनिसिन नावाचं दुसऱ्या एका बुरशीचं विष होतं. त्याहीआधी, १९५६-५७ च्या हंगामात, तेव्हाच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अरगट लागलेली बाजरी खाऊन लोकांना उलट्या आणि गुंगी आली होती. अरगटावर मात्र घरगुती उपाय आहे. शंभर भाग पाण्यात वीस भाग मीठ घालून बाजरी त्यात टाकली, की अरगटाच्या गाठी वर तरंगतात. त्या काढून टाकायच्या, खालची बाजरी स्वच्छ पाण्यानं धुऊन वाळवायची. अरगटाची गाठ दाण्यापासून वेगळी असते, म्हणून हे जमतं. अफ्लाटॉक्सिन दाण्यात मुरलेलं असतं; ते असं तरंगत वर येत नाही.

आज आपल्या जिल्ह्यातून ज्वारी पुष्कळ हटली आहे. तिच्या जागी सोयाबीन आलं, मका आला. २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्याचं वर्ष म्हणून साजरं झालं, ज्वारीचं कौतुक झालं. पण रान मुख्यतः सोयाबीनचंच राहिलं. सोयाबीन आणि मका ही दोन्ही पिकं परतीच्या पावसाच्या तोंडात सापडतात. अंगणात मक्याचा ढीग, वर ताडपत्री, आत उकाडा. ढिगात हात घातला तर गरम लागतो. ती ऊब म्हणजे बुरशीचा आणि दाण्याचा श्वास आहे. हाताला ऊब लागली, की समजावं, आत चोर शिरलेला आहे.

मग हा खराब माल जातो कुठं? बाजारात कमी भावानं. उरला तर गुरांपुढं, कोंबड्यांपुढं. आपल्या भागात सरकीची पेंड घरोघर जनावरांना घालतात. ती ओल्या जागी ठेवली तर तिलाही हीच बुरशी लागते. आणि इथं एक चक्र पुरं होतं. विषारी पेंड खाणाऱ्या गाईच्या दुधात त्या विषाचा अंश उतरतो. माणसानं नको म्हणून गाईला घातलेलं विष, दुसऱ्या दिवशी त्याच घरच्या पोराच्या वाटीत येतं. सरकारी नियमानं एक किलो धान्यात अफ्लाटॉक्सिन १५ मायक्रोग्रॅमहून जास्त चालत नाही; म्हणजे एका क्विंटलात मोहरीच्या एका दाण्याइतकंही नाही. दुधाची मर्यादा तर त्याहून कितीतरी कडक, किलोला अर्धा मायक्रोग्रॅम.

तर मग करावं काय? नवं फारसं काही नाही. जुनंच, पण समजून.

पहिली गोष्ट, धान्य मातीवर न वाळवता ताडपत्रीवर किंवा सारवलेल्या खळ्यावर पातळ पसरून वाळवा, आणि संध्याकाळी झाका. दिवसा गेलेली ओल दवानं परत येते. दुसरी, भिजलेलं आणि कोरडं धान्य एका राशीत मिसळू नका. एक ओलं पोतं दहा कोरडी पोती नासवतं. तिसरी, पोती भिंतीपासून हातभर दूर आणि फळ्यांवर ठेवा. चौथी, मळणी करताना दाणा फुटू देऊ नका, आणि निवडणं सोडू नका. पाचवी, पाला आणि राख जरूर वापरा, पण वाळलेल्या धान्यात. आणि सहावी, जे बुरसटलं आहे ते गुरालाही घालू नका, कोंबडीलाही नको. त्याचा मोह सोडा.

यात एक नवी वस्तू आली आहे, आणि गंमत अशी की ती आपली जुनीच ओळखीची आहे. आफ्रिकेतल्या कॅमेरून देशात चवळीला लागणाऱ्या किडीसाठी १९८० नंतरच्या दशकात एक पोतं तयार झालं. आत प्लास्टिकच्या दोन जाड पिशव्या, बाहेर विणलेलं पोतं, आणि तोंडं एकेक करून घट्ट बांधलेली. आतला प्राणवायू संपतो, किडे मरतात, औषधाची गोळी लागत नाही. आता अशी हवाबंद पोती आपल्याकडेही मिळतात. हे दुसरं काय आहे? हातानं उचलता येणारं पेव! पण पेवाचा नियम इथंही लागू आहे. ओला दाणा बांधलात, तर आत नासाडीच होणार.

जाता जाता शाळेतल्या गुरुजींना आणि बाईंना एक विनंती. मुलांकडून एक सोपा प्रयोग करून घ्या. काचेची कोरडी बाटली घ्या, तिसरा हिस्सा धान्य भरा, दोन-तीन चमचे कोरडं मीठ टाका, झाकण लावून मिनिटभर हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं, तर त्या धान्यात शंभर भागांत पंधराहून अधिक पाणी आहे. ते साठवणीला लायक नाही. मीठ सुटं राहिलं, तरी पोत्यात भरण्याआधी आणखी एक ऊन द्यावं, कारण आपल्याला बारा-तेरावर यायचं आहे. प्रत्येक मुलानं आपल्या घरच्या धान्याची एक मूठ आणावी. त्या दिवशी संध्याकाळी गावातल्या कितीतरी घरांत त्या बाटलीची गोष्ट निघेल.

दुसरा अभ्यास इतिहासाचा. आपल्या गावात पेव कुठं होतं, ते म्हाताऱ्या माणसांना विचारून मुलांनी लिहून काढावं. पांढरीत कोणत्या वाड्यात होतं, त्यात किती ज्वारी मावायची, शेवटचं केव्हा उघडलं. आणि एक प्रश्न आवर्जून विचारायला सांगा: कडेची ज्वारी कोणाला द्यायचे? त्या एका प्रश्नाच्या उत्तरातून मुलांना गावाचा जेवढा इतिहास कळेल, तेवढा पुस्तकाच्या धड्यातून कळणार नाही.

आपल्या वाडवडिलांनी धान्य कोरडं ठेवण्याची विद्या आपल्या हाती दिली आहे. ती जपू या. पण खराब धान्य आपल्याहून दुबळ्याच्या पदरात टाकण्याची जी रीत तिच्याबरोबर चालत आली, ती आपल्यापाशीच थांबली पाहिजे. जो दाणा आपल्या लेकराला घालवत नाही, तो मजुराच्या लेकरालाही नको आणि गाईलाही नको. भेंडवळच्या घटातला दाणा आपल्याला काय सांगेल, ते सांगो. आपल्या कणगीतला दाणा मात्र रोज एक गोष्ट सांगत असतो. ती ऐकायला फक्त तो दाताखाली धरावा लागतो.